आईच्या तोंडचं 'तुम्ही'

सोदामने कोरियन बोलणं सोडलं त्याला एकतीस दिवस झाले होते. बोरमने हे कुठे लिहून ठेवलं नव्हतं. लिहिलं की ते खरं होऊन बसेल अशी तिला भीती. पण मोजत होती. मुलीचे दात, लसी, तापाचे आकडे, शिंका, सगळं मोजणारी बाई ती. हे कसं सुटेल तिच्या हातून?

बरं, पोर मुकी झाली म्हणावं तर तसंही नाही. सकाळी आठला पोरीला सांभाळायला येणारी न्यान मावशी दारात चपला काढते न काढते तोच सोदाम तिच्या कमरेला मिठी मारायची आणि व्हिएतनामीत असा काही पट्टा सुटायचा की मावशीला हातातली पिशवी खाली ठेवायचीही उसंत नसे. तक्रारी, हसणं, गाणी, सगळं त्यात. बोरम स्वयंपाकघरात मुळा चिरता चिरता कान टवकारून ऐकायची. कळायचं काय? 'मासा', 'लाल', 'नको'. सहा वर्षं हायफाँगमध्ये काढून तिचं व्हिएतनामी भाजीबाजाराच्या पुढे गेलं नव्हतं. कितीला, महाग आहे, पिशवी नको. झालं, एवढंच. आपल्या पोटची पोर पलीकडच्या खोलीत काय सांगतेय ते कळायला उद्या दुभाषा बोलवावा लागेल की काय, या विचाराने तिच्या मुळ्याच्या चकत्या वेड्यावाकड्या व्हायच्या.

सगळं सुरू झालं पंधरा ऑगस्टला. कोरियाचाही स्वातंत्र्यदिन तोच.

हायफाँगच्या कोरियन मंडळाचा हॉल वान काओ रस्त्यावर, दुसऱ्या मजल्यावर. खाली निखाऱ्यांवर डुकराचं मांस भाजून देणारं हॉटेल. त्यामुळे मंडळाची निवडणूक असो, शनिवारची शाळा असो की कुणाची शोकसभा, सगळं त्या खमंग वासातच पार पडतं आणि भाषण करणारा लांबला की ऐकणाऱ्यांच्या पोटातून आवाज यायला लागतात. त्या दिवशी झेंडावंदन झालं, राष्ट्रगीत झालं, अध्यक्ष मा दॉकसू यांचं भाषणही एकदाचं संपलं. माणूस सत्तरी ओलांडलेला, पंचवीस वर्षं इथे पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना चालवणारा. मोठमोठ्या कंपन्यांचे साहेबसुद्धा त्यांच्यासमोर खुर्चीच्या कडेवर बसतात. तर हे अध्यक्ष मुलांना तांदळाच्या गोड वड्या वाटत वाटत सोदामपर्यंत आले आणि वाकून म्हणाले, "काय गं बाळ, नाव काय तुझं?"

"आधी तू सांग," सोदाम म्हणाली. "तुझं नाव काय? आणि तुझ्या कानातून केस का आलेत?"

जिथे वर्षभराने मोठ्या असलेल्या माणसालाही 'तू' म्हणायची सोय नाही, तिथे साडेपाच वर्षांच्या पोरीने भर सभेत अध्यक्षांना अरेतुरे केलं. वड्यांचं ताट धरलेल्या बायका जागच्या जागी थिजल्या. महिला विभागाच्या प्रमुख बांगबाई तेवढ्या थिजल्या नाहीत. त्यांना गप्प बसवेल अशी गोष्ट अजून घडायची आहे.

"अगं बाई!" त्या म्हणाल्या. "इथे जन्मलेली पोरं ना, ही अशीच. आणि पोरीला तरी काय बोल लावायचा? घरात जे कानावर पडतं तेच तोंडात येणार."

बोरमच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. ती कमरेतून वाकली, पुन्हा वाकली, सोदामच्या मानेवर हात ठेवून तिलाही वाकवलं. "माफ करा साहेब, फार चुकलं. माफी माग! मोठ्या माणसांशी असं बोलतात? कुणी शिकवलं तुला हे?"

आवाज जरा जास्तच चढला. अध्यक्ष "असू दे, असू दे" म्हणत स्वतःचा कान चाचपत पुढे गेले. सोदामच्या हातातली वडी खाली पडली. ती तिने उचललीही नाही.

कुणी शिकवलं? त्या रात्रभराच्या तळमळीत बोरमला जे उत्तर मिळालं ते फार साधं होतं. कुणीच नाही. तेच तर दुखणं होतं. नवरा ग्यूसांग कारखान्याच्या बसने सहाला जायचा, परत येईस्तोवर पोर झोपलेली. तो आणि बोरम कॉलेजातले वर्गमित्र, त्यामुळे नवरा-बायकोंतही 'तू'च. आजी-आजोबा सगळे समुद्रापलीकडे. म्हणजे सोदामच्या कानावर जी काही कोरियन भाषा पडत होती ती आईची, आणि आई तिला 'तू'शिवाय दुसरं काय म्हणणार? पोरीशी त्या भाषेत कुणी दुसरं काही बोललंच नव्हतं. व्हिएतनामीत मात्र हीच कार्टी आदर्श. लिफ्टमधल्या रखवालदाराला, मासेवालीला, शेजारच्या म्हाताऱ्याला हाताची घडी घालून, मान लववून, दर वाक्याच्या शेवटी आदराचा 'आ' लावून बोलायची. न्यान मावशीने असं वळण लावलं होतं की अख्खी इमारत कौतुक करायची. एकाच तोंडात एक सालस मुलगी आणि एक रानटी! आणि पुढच्या मार्चात तिला मंडळाच्या शनिवारच्या शाळेत घालायचं होतं.

बोरम काही हातावर हात ठेवून बसणारी नव्हती. पोषणशास्त्राची पदवी घेतलेली बाई. जे शरीरात कमी पडतं ते बाहेरून पुरवायचं, हे तिचं शास्त्र. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पडदा सरकवला आणि म्हणाली, "सोदाम, उठलात का? झोप झाली का तुमची?"

सोदामने वळून मागे पाहिलं. मागे भिंत होती.

"दात घासून घ्या. मग नाश्त्याला या."

"आई, कोण आलंय?"

"कुणी नाही आलं. मी तुमच्याशीच बोलतेय. तुम्हीही असंच बोलायचं आता. 'आई, कोण आलंय हो?' म्हणा बघू."

पोर काही म्हणाली नाही. तिने दात घासले, अंड्याचं पोळं खाल्लं, ताटली बेसिनपर्यंत नेऊन ठेवली. पहिले दोन दिवस ती "पाणी दे" म्हणायची आणि बोरम म्हणायची, "पाणी द्या म्हणा, मग देते." तिसऱ्या दिवशी तिने पाणी मागणंच बंद केलं. खुर्ची ओढून स्वतः घेऊ लागली. बोरमला वाटलं, वा, शहाणी होतेय. पाचव्या दिवसापासून फक्त मान. हो ला खाली, नाही ला आडवी. बोरमला वाटलं, मनात साठवतेय, एकदम शुद्ध बोलायला लागेल. पुस्तकात वाचलं होतं तिने, काही मुलं तसं करतात.

दहाव्या दिवशी सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला. सोदाम पडद्यासमोर बसून राहिली, हाताची घडी घालून, तोंड मिटून.

"का गं, हिचा घसा बसलाय का?"

"जरा सर्दी आहे, आई."

"सर्दी असली तर नाक वाहतं. हिचं तोंड का बंद आहे?"

ग्यूसांगने एका रविवारी पोरीला मांडीवर घेतलं, गुदगुल्या केल्या, घोडा झाला. ती हसली, पण हसण्याला काही भाषा नसते. मग तो बोरमला म्हणाला, "तू तिच्याशी हे काय बोलतेस गं? मला आमच्या हेड ऑफिसात बसल्यासारखं वाटतं."

"तुला काय होतंय बोलायला? मंडळात मान खाली मला घालावी लागली."

"अगं पण ती..."

"ती शिकतेय. वेळ लागतो."

असं म्हणाली खरी. पण त्यानंतर ती पोर झोपली की तिच्या उशाशी बसायची आणि झोपेत तरी काही पुटपुटते का ते ऐकायची. एकदा पुटपुटली. व्हिएतनामीत.

चुसकच्या पौर्णिमेचा सण जवळ आला. सणाच्या आधीच्या शनिवारी मंडळात सोंगप्यन वळायचे असतात. तांदळाच्या उकडीच्या इवल्या करंज्याच त्या, आत तीळ नाहीतर मूग. बोरमने नाही जायचं ठरवलं होतं. बांगबाईंचा फोन आला.

"सोदामची आई, कुठे आहेस? सहा किलो पीठ पडलंय आणि मळणाऱ्या सगळ्या नाजूक. तुझ्यासारखं मनगट नाही कुणाचं."

"ताई, सोदामला जरा बरं नाही..."

"घेऊन ये तिला. वाफेने सर्दी पळते. आणि हे बघ, सोंगप्यन वाफवताना खाली अंथरायला माझ्या दिराने पाइनची सुईसारखी पानं सुटकेसमधून आणलीत कोरियातून. विमानतळावर म्हणे त्याला विचारलं, हे काय? म्हणाला, बायकोच्या उशीचा कापूस. ये लवकर!"

बांगबाईंना नाही म्हणणं म्हणजे दुसऱ्यांदा फोन येणं. बोरम गेली.

हॉलमध्ये टेबलं जोडून ठेवली होती. मोठ्या पातेल्यातून वाफ निघत होती, खालच्या हॉटेलातून भाजल्या मांसाचा वास वर येत होता आणि या दोहोंच्या मध्ये वीस बायका एकाच वेळी बोलत होत्या. बोरम बाह्या सारून पिठाला भिडली. सोदाम खिडकीपाशी उभी राहिली.

"सुबक सोंगप्यन वळते तिला सुबक मुलगी होते," एक नवी नवरी कुणाला तरी सांगत होती.

"खोटं आहे सगळं," बांगबाई म्हणाल्या. "चाळीस वर्षं वळतेय मी, आरशासारखे. झाले तीन मुलगे, तिघेही बापासारखे चपट्या नाकाचे."

"ताई, मुलांना ऐकू येतंय!"

"ऐकू दे. नाक त्यांना रोज दिसतंच."

बोरम हसली, पण तिची नजर खिडकीकडे होती. आणि मग तिने पाहिलं. अध्यक्ष मा खिडकीजवळ एका बुटक्या स्टुलावर बसले होते, मांडीवर तिळाच्या सारणाचं भांडं. त्यांनी वळलेले सोंगप्यन करंज्या कमी आणि चुरगळलेले कागद जास्त दिसत होते. सोदाम त्यांच्यासमोर हाताची घडी घालून उभी होती आणि तिचे ओठ हलत होते.

बोरमचे हात पिठात थांबले. पोर बोलत होती. लांबलचक बोलत होती, मध्ये श्वास घेऊन पुन्हा. अध्यक्ष वाकून ऐकत होते, मध्येच एखादा शब्द विचारत होते. वाफेच्या आणि बायकांच्या आवाजातून एवढंच ऐकू येत होतं की दर वाक्याच्या शेवटी तो आदराचा 'आ' आहे. म्हणजे व्हिएतनामी. पंचवीस वर्षांत अध्यक्षांना ती भाषा येणारच. बोरमला आधी हायसं वाटलं, मग कसंतरी झालं. गावात दोनदा भेटलेल्या म्हाताऱ्याला सांगता येतं, आणि मला नाही?

मग अध्यक्षांनी मान वर केली आणि तिच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं.

"सोदामची आई, जरा इकडे येता?"

ती पिठाच्या हातांनीच गेली. काय बोललीय आता ही? काय काढलंय, कान की नाक?

"साहेब, तिने परत काही वेडंवाकडं..."

"बसा. एक विचारतो, राग मानू नका. तांदळाचं पोतं घेऊन तो कोरियन दुकानदार येतो तुमच्याकडे, आपला तो वान काओवरचा. त्याच्याशी तुम्ही कसं बोलता? 'तू' की 'तुम्ही'?"

"तुम्ही. म्हणजे, अर्थातच साहेब."

"खालच्या मजल्यावरच्या कोरियन बाई भाजी द्यायला येतात, त्यांना?"

"त्यांनाही तुम्हीच."

"आणि हिला?"

बोरमला वाटलं आता शाबासकी मिळणार. "झेंडावंदनाच्या दुसऱ्या दिवसापासून हिलाही 'तुम्ही'च म्हणते मी. कानावर पडावं म्हणून. पण ती..."

अध्यक्षांनी बोटांवरचं पीठ चोळून काढलं. "ती मला हेच सांगत होती. म्हणाली, आई ज्यांना ज्यांना असं बोलते ती सगळी माणसं दारात येतात, थोडा वेळ थांबतात, आणि मग आपापल्या घरी जातात. आता आई माझ्याशी पण तसंच बोलते. म्हणून तिने मला विचारलं..." ते थांबले, खाकरले. "विचारलं, आजोबा, माझं घर कुठे आहे ते तुम्हाला माहीत आहे का? मला कधी जायचंय?"

हॉलमध्ये कुणीतरी पातेल्याचं झाकण काढलं, वाफेचा लोट उठला. बोरमला काही दिसेनासं झालं, आणि ते वाफेने नव्हतं.

एकतीस दिवस. एकतीस दिवस ही पोर पाहुण्यासारखी वागली होती. ताटली स्वतः उचलली, पाणी स्वतः घेतलं, कुणाला त्रास नाही. आणि मी म्हणतेय, शहाणी होतेय!

ती तिथेच फरशीवर बसली, सोदामच्या उंचीला आली. पदवी, पुस्तकं, सगळी उडून गेली. "ए," ती म्हणाली. "ए वेडे. तू कुठे जाणार? तू माझी आहेस. तुझं घर तेच आहे, आपलंच, तुझी ती निळी चादर आहे तिथे. तू, तू, तू. ऐकलंस? मी काही पाहुण्यांना अशी मिठी मारते का?" आणि तिने तिला ओढून छातीशी धरलं.

सोदाम ताठच होती. लाकडासारखी नाही, पण झाड वाऱ्यात उभं राहतं तशी, काय होतंय ते पाहत. लहान मुलं मोठ्यांसाठी सहसा करत नाहीत ते तिने केलं, बोरमच्या पाठीवरून हात फिरवला. पण बोलली नाही.

"घाई करू नका," अध्यक्ष म्हणाले. "माझी एक विनंती. माझ्यामुळे या पोरीला 'तुम्ही' शिकवू नका. शनिवारची शाळा आहे ना, बाई आहेत, सवंगडी आहेत, आपोआप येईल. अहो, या हॉलमधली सगळी माणसं मला म्हणतात, साहेब, तुम्ही पन्नाशीचे दिसता. कानातल्या केसांबद्दल खरं सांगणारी ही एकटी निघाली. दुसऱ्याच दिवशी न्हाव्याकडे गेलो मी." त्यांनी मान वळवून कान दाखवला. खरोखरच साफ होता.

सोदामने कान नीट तपासला. दुसऱ्या बाजूला जाऊन दुसराही तपासला. मग तिने अध्यक्षांच्या ताटातला एक सोंगप्यन उचलला, त्याची पोटाला फुटलेली चीर पाहिली, आणि कोरियनमध्ये, स्वच्छ, म्हणाली:

"आजोबा, तू खूप सारण भरता. म्हणून फुटतात."

महिनाभर कानात कोंबलेलं 'तुम्ही' आणि जन्मापासूनचं 'तू' एकाच वाक्यात बसून बाहेर आलं होतं. मग बांगबाईंना हसू फुटलं ते असं, की त्यांना टेबल धरावं लागलं. "तू भरता! साहेब, ऐकलंत? तू भरता! इतक्या वर्षांत हे तुम्हाला सांगायची हिंमत झाली नाही माझी, पण खरंच तू फार भरता!"

अध्यक्ष मांडीवर थापा मारून हसत होते. बायका हसत होत्या. नवी नवरी हे वाक्य मोबाइलवर कुणाला तरी कळवत होती. बोरम तेवढी हसत नव्हती. तिला आनंद झाला होता, खूप झाला होता, पण तिच्या आत एक हावरी आई बसली होती आणि ती म्हणत होती, आजोबांशी बोलली. माझ्याशी?

तिने पोरीला पुन्हा मिठीत ओढलं. सोदामने खाली पाहिलं. आईचे दोन्ही पंजे, मनगटापर्यंत पिठाने माखलेले, तिच्या पिवळ्या फ्रॉकवर उमटले होते. समोर एक, पाठीवर एक, आणि बाहीवर पाची बोटं वेगवेगळी.

सोदामच्या कपाळावर आठी चढली. ती आठी बोरम ओळखत होती. ती स्वतःची होती.

"आई! हे काय केलंस? माझा नवा फ्रॉक आहे ना! आधी हात धू. तू नेहमी अशी करतेस. न्यान मावशीला काय सांगू आता मी?"

बांगबाईंनी सवयीने तोंड उघडलं. "अगं, आईशी असं..."

"राहू दे ना, ताई," बोरम म्हणाली. ती त्यांच्याकडे बघतही नव्हती. "बोलू दे. अजून बोलू दे."

"आई, ऐकू येत नाही का तुला? हात धू म्हणते ना!"

"ऐकलं गं," बोरम म्हणाली, आणि हात न धुता तसेच मांडीत धरून बसून राहिली.